माझ्या भावाचा आवाज चोरीला गेला त्याची गोष्ट

आधीच सांगून टाकतो, मी सातवी पास. आठवीतही गेलो होतो, पण आठवीचं आणि माझं पटलं नाही. तरी ही गोष्ट मीच लिहिणार. धाकटा स्वतःबद्दल एक ओळ लिहायचा नाही, आणि परक्या कुणी लिहिली तर तो तिखटमीठ लावणार. मला तिखटमिठाची गरज नाही. माझ्या भावाची गोष्ट आहे, अळणी वाढली तरी लोक बोटं चाटतील.

आमच्या बस स्टँडवर भोंग्यातून आवाज येतो ना, 'प्रवाशांनी लक्ष द्या, प्रवाशांनी लक्ष द्या', तो माझा धाकटा भाऊ. लोक मला विचारतात, रेकॉर्ड लावतात का हो? अरे, रेकॉर्ड कसली! हाडामासाचा माणूस आहे, माझ्या पाठचा. पाळण्यात होता तेव्हा रडला की तीन गल्ल्या सोडून राहणारी माणसं विचारायला यायची, बाळाला काय झालं म्हणून. तेव्हाच मी त्याचं नाव भोंगा ठेवलं. पुढे तो खरोखरच भोंग्यात जाऊन बसला. माझं बोलणं सहसा वाया जात नाही.

आधी तो स्टँडवर पार्सलं चढवायचा. एक दिवस वीज गेली, माईक मेला. डोंगराकडची गाडी आणि बंदराकडची गाडी शेजारीशेजारी लागलेल्या, पाट्या उलटसुलट, आणि दोन्हीकडची माणसं दोन्हींत घुसतायत. बायकापोरांची नुसती रडारड. हा पार्सलच्या खोक्यावर चढला आणि नुसत्या तोंडाने सांगितलं, कुठली गाडी कुठली ते. ओरडला नाही हं. सांगितलं. पण शेवटच्या फलाटावरच्या माणसाने मान वर केली. आतून कंट्रोलर साहेब धावत बाहेर आले. "कोण बोललं ते?" पुढच्या महिन्यात तो काचेच्या केबिनमध्ये माईकपुढे.

तेव्हापासून तो तिथेच. प्रत्येक गाडीचं नाव दोनदा घेतो. पहिल्यांदा सगळ्यांसाठी, आणि दुसऱ्यांदा जरा सावकाश, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी. हे त्याला कुणी शिकवलं नाही. कधी कुणावर खेकसला नाही, कधी गाडी सुटल्यावर 'सुटली' म्हणाला नाही. 'पुढची अमुक वाजता आहे' म्हणतो. माणसाचं मन मोडत नाही.

आता गंमत बघा. ज्या माणसाचा आवाज अख्खं गाव ऐकतं, तो घरात बोलत नाही. रुसून नव्हे. मध्ये त्याच्या घशाला गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आवाज हवा असेल तर कामापुरता वापर, बाकी वेळ तोंड बंद. दुसऱ्या कुणी आठवड्यात पथ्य मोडलं असतं. आमच्या पठ्ठ्याने ते अंगात मुरवून घेतलं. घरी आला की सगळं हातांनी. मीठ कमी असेल तर दोन बोटं चोळणार. झोप आली की तळहातावर गाल. माझी बायको म्हणायची, "भावजी, लग्नाचं बघायचं ना?" की दोन्ही हात कानांवर. आणि आई सगळं समजायची. इतकं समजायची की आम्हालाही त्याच्या बोलण्याची उणीव वाटेनाशी झाली.

फोनचंही तसंच. केबिनमध्ये मोबाईल चालत नाही, माईकजवळ नेला की भोंगा घुर्र घुर्र करतो. म्हणून तो तिथल्या टेबलावरच्या फोनवरून आमच्या घरच्या फोनला लावायचा. घरचा फोन म्हणजे तोच जुना, वायरचा. आईच्या पलंगाजवळ स्टुलावर असतो, खाली भरतकामाचा रुमाल. आईला मोबाईल जमत नाही आणि मला कामावर ऐकू येत नाही. माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ग्रील, गेट, लोखंडी जिने. या भागातले निम्मे जिने माझे आहेत, चढताना बघा, एक पायरी हलणार नाही. तर तो फोन लावायचा आणि बोलायचा नाही, नखाने रिसीव्हरवर टकटक करायचा. एकदा टक, म्हणजे निघालो. दोनदा, म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या. आणि न थांबता टकटकटकटक, म्हणजे फार भूक लागली आहे, पानं घेऊन ठेवा. आई नुसतं "बरं" म्हणायची आणि ठेवून द्यायची. ही आमच्या घरची पद्धत. दुसऱ्या कुठल्या घरात नसेल.

त्या फोनला मधल्या काळात कीड लागली. तुम्हालाही माहीत असेल. सकाळपासून घंटी. कर्ज घ्या, विमा घ्या, जमीन घ्या, बक्षीस घ्या. आम्ही मात्र रडलो नाही. आमच्या घरात प्रत्येकाची आपापली तऱ्हा होती.

एकाने आईला सांगितलं, "आजी, अभिनंदन! तुम्हाला मोटार बक्षीस मिळाली."

आई म्हणाली, "आम्ही स्टँडच्या मागेच राहतो रे बाबा. दिवसभर गाड्याच बघते मी. आणखी एक कुठे उभी करू?"

दुसरा दरडावून म्हणाला, "तुमचा फोन आज बंद होणार आहे."

"बरं होईल," आई म्हणाली. "म्हणजे तूही बंद होशील."

विम्याची एक मुलगी होती, तिला आईने विचारलं, जेवलीस का? ती बिचारी रडायलाच लागली, साहेब जेवायला सोडत नाही म्हणून. आईने तिला साहेबाशी कसं बोलायचं ते शिकवलं. मग ती पोरगी अधूनमधून नुसतीच ख्यालीखुशाली विचारायला फोन करायची.

बायको मिक्सर लावून रिसीव्हर त्यावर धरायची. आणि मी? मी त्यांनाच माल विकायचो. "साहेब, तुमच्या ऑफिसला ग्रील आहे का? नाही? मग चोर शिरले तर? माझ्याकडे बारा डिझाइनं आहेत, लिहून घ्या." शेवटी तिकडून फोन आपटायचे. इतर लोक अशा माणसांचा फोन ठेवतात, माझा फोन ती माणसं ठेवायची. आमच्या घरात एकाचीही डाळ शिजली नाही.

तो दिवस येईपर्यंत.

मी दुपारी जेवायला घरी आलो. चपला काढतोय तर आतून आईचा आवाज. "बाळा, बोलू नको. घसा बसेल. अरे, टकटक कर ना. तू टकटक का करत नाहीस?"

आत गेलो. आई पलंगावर बसलेली, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरलेला, चेहरा खडूसारखा पांढरा. मला बघून तिने रिसीव्हर माझ्याकडे केला.

मी कानाला लावला. आणि माझ्या कानात माझा भाऊ रडत होता.

"आई, मला धरून ठेवलंय. माझ्या हातून माणूस मेलाय, आई. हे म्हणतात पैसे दिले तर सोडतो. दादाला सांगू नको. आई, लवकर कर."

त्याचाच आवाज. तोच जड, तोच खालून येणारा. शब्दाच्या शेवटी किंचित थांबायची त्याची ढब, तीही तीच. मी वीस किलोचं गेट एका हाताने उचलतो, पण तो रिसीव्हर मला जड झाला. मी म्हणालो, "भोंग्या? अरे, कुठेयस तू?"

तेवढ्यात खिडकीतून आलं, "प्रवाशांनी लक्ष द्या. बंदराकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. बंदराकडे, जाणारी, गाडी."

एका कानात माझा भाऊ ओक्साबोक्शी रडतोय. दुसऱ्या कानात माझा भाऊ शांतपणे गाडी सांगतोय. एकाच वेळी. तुम्ही नुसतं डोळ्यांसमोर आणा. मी भुताखेतांना भिणारा माणूस नाही, पण त्या क्षणी मला वाटलं, यातला एक जिवंत आहे आणि एक नाही, आणि कोण कुठला ते मला कळत नाहीये.

मग डोकं ठिकाणावर आलं. मी फोनमध्ये जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही, बायाबापड्या वाचतात. तिकडून फोन ठेवला.

आई खिडकीकडे बघत राहिली. म्हणाली, "मग हा कोण होता?"

कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला मी विचारलं. तो हसलाच. म्हणाला, "काका, आता मिनिटभर आवाज मिळाला की पुरतो. कॉम्प्युटरला द्यायचा, मग तो त्या आवाजात पाहिजे ते बोलतो." मी म्हटलं, आवाज मिळवणार कुठून? तर म्हणे, "तुमच्या भावाचा आवाज तर दिवसभर फुकटच वाहतोय. कुणीही फलाटावर उभं राहून भरून न्यावा."

फोन नंबर कसा मिळाला, हा प्रश्न राहिला. त्यावर बायकोने माझ्या दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर मी मोठ्या अक्षरात रंगवून घेतलंय, 'स्टँडवरच्या सुप्रसिद्ध आवाजाचे थोरले बंधू', आणि खाली घरचा नंबर. बायकोचं म्हणणं, चोरांना आणखी काय पाहिजे होतं? माझं म्हणणं, ती जाहिरात आहे. भाऊ माझा, पाटी माझी, मी का लपवू? यावर आमचं आजही एकमत नाही.

संध्याकाळी धाकटा घरी आला. त्याला सगळं सांगितलं. तो उभाच होता, उभाच राहिला. मग बोलला. घरात, तोंडाने.

"माझ्यासारखा होता?"

आई दचकली. उठून मागे सरकली. आपल्या पोटच्या पोराच्या आवाजाला दचकून आई मागे सरकलेली मी डोळ्यांनी बघितली. त्यानेही बघितलं. लगेच ओठ मिटले आणि हातांनी 'चुकलं' अशी खूण केली.

पुढे तेच चालू झालं. आईला सगळं कळत होतं, खिडकीतला खरा आणि फोनमधला खोटा. कुणी विचारलं की ती दुसऱ्यांना समजावूनही सांगायची. पण भोंगा सुरू झाला की तिचा हात छातीवर जायचा. "कळतं रे मला," ती म्हणायची, "पण ऐकलं की ते रडणं आठवतं." जी बाई त्याच्या गाड्यांवर स्वयंपाक करायची, डोंगराकडची लागली की कुकर चढवायचा आणि बंदराकडची सुटली की उतरवायचा, तिने खिडकी लावून घेतली.

आमची ती खिडकी धाकट्याला केबिनमधून समोर दिसते. कंट्रोलर साहेबांनी मला नंतर सांगितलं, "तुमचा भाऊ प्रत्येक घोषणेआधी वर बघतो. काय बघतो हो?" मी काय सांगणार? खिडकी उघडली का बघतो, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. एरवी माझी जीभ कशालाही उचलते. साहेब असंही म्हणाले की हल्ली तो दुसऱ्यांदा नाव घेत नाही. एकदाच सांगतो आणि माईक बंद करतो.

माझा भाऊ, ज्याच्या आवाजाचं गावाला कौतुक, तो आपलाच आवाज विटाळल्यासारखा वापरायला लागला. पैसे गेले असते तर मी परत कमावले असते. हे कुठून परत आणणार?

मी घरात नियम केला. सोपा, पक्का. फोनवर धाकट्याच्या आवाजात कुणीही बोललं की तो चोर. बोलला की ठेवायचा. टकटक झाली तरच आपला. धाकट्याने मान हलवली. आई म्हणाली, "हे बरं झालं." नियमात चूक नव्हती. आजही कुणी दाखवावी.

मग ती दुपार आली.

केबिनच्या पुढच्या बाजूला चौकशीसाठी काचेची सरकती तावदानं आहेत, वर ढकलून खिट्टीत अडकवायची. जड काच. एका म्हाताऱ्या माणसाला फलाट कळेना, म्हणून धाकटा दोन्ही हात चौकटीवर टेकून वाकून त्याला सांगत होता. खिट्टी निसटली. काच खाली आली ती त्याच्या दोन्ही हातांवर, आणि फुटली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच, की मी घरी आलो तेव्हा आई फोनपासून लांब, भिंतीला टेकून उभी होती.

"परत आला," ती म्हणाली. "तोच. त्याच्याच आवाजात. मी ठेवला. मग दुसरा माणूस आला, म्हणे आजी, मी कंट्रोलर बोलतोय, तुमच्या मुलाला लागलंय. मी म्हटलं, लाज नाही वाटत? तुझ्या आईला असा फोन कर. ठेवला."

"शाब्बास," मी म्हणालो. "शाब्बास माझी आई."

आणि घंटी वाजली. मी बाह्या वर केल्या आणि उचलला.

"दादा," माझ्या भावाचा आवाज. "दादा, ठेवू नको. मी आहे. हात कापलेत दोन्ही. टकटक करता येत नाही."

मी गार पडलो. लागलंय म्हणाला म्हणून नाही. टकटक म्हणाला म्हणून! आमच्या घरातली गोष्ट, आम्हा चौघांशिवाय कुणाला ठाऊक नसलेली, ती या चोरांना कळली कशी? मला पहिल्या वेळेपेक्षा जास्त धक्का बसला. म्हणजे हे घरात शिरलेत. भिंतीत आहेत का, वायरीत आहेत का?

"कुणी सांगितलं रे तुला?" मी ओरडलो. "कुणी सांगितलं टकटकीचं? बोल!"

"दादा, अरे मीच..."

मी ठेवला नाही. मी वायरच भिंतीतून उपटली. चांगली जोरात, खोबणीसकट. म्हटलं, या आता कुठून येता ते.

आई म्हणाली, "दादा, त्याला दम लागला होता का रे?" आई मला दादाच म्हणते, धाकट्याच्या निमित्ताने सवय लागली.

"कुणाला?"

"बोलणाऱ्याला. मलाही वाटलं. मागच्या वेळी तो रडत होता पण त्याला दम लागला नव्हता."

मी म्हणणार होतो की आई, तू त्यात पडू नको. पण मला म्हणता आलं नाही. कारण बंद खिडकीच्या काचा थरथरल्या. भोंगा कधी लागला नव्हता एवढ्या मोठ्याने लागला.

"आई, लक्ष दे."

नुसतं तेवढंच. मग एक श्वास. तो श्वासही भोंग्यातून आला, अख्ख्या स्टँडवर, गल्लीवर, छपरांवर.

"आई, लक्ष दे. मी बोलतोय. फोनवर मीच होतो. घाबरू नको. हाताला लागलंय, जीव शाबूत आहे. दादाला पाठव." पुन्हा श्वास. आणि मग, देवाशप्पथ सांगतो, सवयीने दुसऱ्यांदा, सावकाश. "दादाला. पाठव. आई."

ज्या माणसाने त्या माईकवर कधी कुणाला नाव घेऊन हाक मारली नव्हती, कधी खोकलाही नव्हता, तो सगळ्या गावासमोर आपल्या आईला हाक मारत होता. खाली फलाटांवर माणसं जागच्या जागी थांबली होती. एका ड्रायव्हरने चालू इंजिन बंद केलं, ते मला वर ऐकू आलं.

खरं सांगतो, माझ्या मनात एक क्षण आलं की हे भोंग्यातही घुसले. आईच्या मनात आलं नाही. ती खिडकीपाशी पोचलीसुद्धा. खिडकी कित्येक दिवस लावलेली, कडी घट्ट बसलेली. तिने चपलेने कडी ठोकली आणि दोन्ही दारं धाडकन उघडली. बाहेर अर्धी वाकली. मी मागून तिचा पदर धरला, नाहीतर खाली गेली असती.

"आले रे!" ती ओरडली. भोंगा नव्हता तिच्याकडे, पण भोंग्याची आई आहे ती. "ऐकलं रे बाळा! आला दादा! आलाच!"

मी जिन्यावरून धावलो. अनवाणी. गेटावरून उडी मारली, माझंच गेट, म्हणून मला माहीत होतं ते माझा भार घेईल. केबिनमध्ये पोचलो तर माझा भाऊ खुर्चीत, दोन्ही हात टॉवेलात गुंडाळलेले, टॉवेल लाल, आणि कंट्रोलर साहेब त्याच्या तोंडापुढे माईक धरून उभे. साहेब रडत होते. धाकटा रडत नव्हता. तो वर आमच्या खिडकीकडे बघत होता.

मला म्हणाला, "उघडली."

मी म्हटलं, "अरे गाढवा, हात बघ तुझे."

"आईने उघडली," तो म्हणाला.

गाडी आली, दवाखान्यात नेलं, शिवलं. एका बोटाची शीर तुटली होती, तीही जोडली. डॉक्टर म्हणाले, हात बरे होतील, पण बरेच दिवस बांधून ठेवावे लागतील, काही करायचं नाही. मी डॉक्टरांना सांगितलं हा कोण आहे ते. त्यांनी ओळखलं! म्हणाले, मी रोज याच्याच आवाजावर गाडी पकडतो. मग त्यांनी टाके जरा जपून घातले असं मला वाटलं.

आता हात बांधलेले म्हटल्यावर खुणा संपल्या. मीठ मागायचं तर तोंडाने, झोप आली तर तोंडाने, नाक खाजलं तरी तोंडाने. डॉक्टरांना घशाचं विचारलं, ते म्हणाले हळू बोला, चालेल. आणि माझ्या भावाला तोंड फुटलं.

मी थक्क झालो. आम्हाला वाटायचं, याला काही सांगायचंच नसतं. त्याच्याकडे गोष्टींचं गोदाम होतं. स्टँडवर रोज सकाळी एक बाई येते, कुठल्याच गाडीत बसत नाही, सगळ्यांना हात करून घरी जाते, ते त्याने सांगितलं. लग्नाला त्याचा नकार नव्हता, बायको विचारायची ती मुलगी पसंत नव्हती, तेही सांगितलं. माझ्याबद्दलही मत होतं. "दादा, तू जेवताना फार बोलतोस," म्हणाला. एवढी वर्षं मनात ठेवून होता!

आई भरवायची आणि तो बोलायचा. सुरुवातीला त्याने अचानक तोंड उघडलं की तिच्या हातातला घास हलायचा. तो थांबायचा. ती म्हणायची, "बोल तू. माझ्या हाताकडे बघू नको." आणि तो बोलायचा, सावकाश.

भिंतीतला फोन मी दुरुस्त करून दिला होता. स्वतः. माणूस बोलवायची गरज पडली नाही.

असंच जेवण चाललं होतं. धाकटा काहीतरी सांगत होता, कंट्रोलर साहेबांच्या छत्रीचं. फोन वाजला. आईने डाव्या हाताने उचलला. ऐकलं. तिचा चेहरा बदलला, पण पांढरा झाला नाही. तिने आधी रिसीव्हरकडे बघितलं, मग समोर मांडी घालून बसलेल्या धाकट्याकडे बघितलं, आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

मी जवळ सरकलो. मलाही ऐकू येत होतं. तोच आवाज, तेच रडणं. आई, मला धरून ठेवलंय. आई, लवकर कर.

माझ्या भावाने आपला आवाज असा पहिल्यांदाच ऐकला. तोंडातला घास तोंडातच राहिला. बांधलेले हात मांडीवरून हवेत उचलले गेले आणि तसेच राहिले. त्याच्या कानात तोच रडत होता, आणि तो ऐकत होता. बायको मिक्सरकडे धावली, मी तिला थांबवलं.

मग त्याने रिसीव्हरवरून नजर काढली आणि आईला विचारलं, अगदी हळू, "मी असाच रडतो?"

आई म्हणाली, "मला काय माहीत रे? पाळण्यातून उतरलास तसा रडलास कुठे माझ्यापुढे? म्हणून तर फसले."

त्याचे डोळे भरले. पुसायला हात नव्हते. आईने पदराने पुसले. फोनमधला अजून रडतच होता. आईने रिसीव्हर स्वतःकडे घेतला.

"हे बघ बाबा," ती म्हणाली, "तू कोण असशील तो अस. माझा मुलगा इथे जेवतोय. अन्न गार होतंय त्याचं."

ठेवून दिला. घास कालवला, त्याच्या तोंडाशी नेला.

"हं," म्हणाली, "छत्रीचं काय सांगत होतास?"